कादंबरी कुठवर आली?

या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर तयार असतं: दुसरा खर्डा चालू आहे, तीनपैकी दोन भाग हातावेगळे झाले, तिसऱ्यात गाडी अडलीय. विचारणारा "अरे वा" म्हणतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. त्याचंही बरोबरच आहे, या उत्तरातून कुणालाच काही कळत नाही. तिसऱ्या भागात काय अडलंय, ते सुटावं म्हणून मी काय वाचतेय, आणि पुस्तक पुरं व्हायच्या आधीच मलपृष्ठावरच्या मजकुरावर डोकं का फोडतेय, हे सांगायला ऐसपैस जागा लागते. आज ती घेते.

आधी आकड्यांचं. अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, घड्याळ समोर ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांत २५० शब्द उतरवायचे, असा त्याचा शिरस्ता. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. तेव्हापासून लिहिणारे लोक शब्द मोजतायत. १९९९ साली एकवीस जणांनी मिळून 'एका महिन्यात ५०,००० शब्द' असा खेळ सुरू केला, त्याचा पुढे जगभर उत्सव झाला. मोजण्यात गैर काही नाही. कामाला बसण्यापुरता त्याचा धाक बरा असतो.

पण मी लिहितेय ती फँटसी, जादूच्या अद्भुत देशाची कादंबरी, आणि तिथे हा आकडा अगदीच बेभरवशाचा. घरगुती कादंबरीत शब्द वाढायला निदान दोन माणसांना तोंड उघडावं लागतं. इथे कुणी जागचं हललं नाही तरी शब्द वाढतात. राजघराण्याच्या सात पिढ्या सांगा, हजार शब्द. डोंगरापलीकडच्या टोळीचे अंत्यविधी सांगा, आणखी हजार. संध्याकाळी आकडा बघून छाती फुगते आणि गोष्ट सकाळी होती तिथेच. म्हणून दुसऱ्या खर्ड्याला मी उलटा हिशेब लावलाय: आज काय गाळता आलं? पहिल्या भागातलं भूगोलाचं अख्खं प्रकरण असंच उडालं. ज्या मैत्रिणीने दोन्ही खर्डे वाचलेत, तिला ते गेल्याचं जाणवलंसुद्धा नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण जरा उशिराने.

वास्तववादी लेखकाने 'रेल्वे' एवढं लिहिलं की पुरतं. रूळ, डबे, खिडकीचे गज, धक्काबुक्की, सगळं वाचक आपल्या खिशातून आणतो. माझ्या कादंबरीतल्या देशात जमीनच नकाशाच्या हुकमाने हलते, तिथे वाचकाच्या खिशात काहीच नाही. सगळं मीच पुरवायचं, आणि पुरवतेय असं दिसू द्यायचं नाही. तेव्हा प्रगती विचारलीत तर ती एवढीच: परक्या माणसाला काय सांगायचं, किती सांगायचं आणि कधी, याचा अंदाज आता येऊ लागलाय. लिहिणं, वाचणं आणि पुस्तक लोकांपर्यंत नेणं ही मला आता तीन वेगळी कामं वाटत नाहीत. तिन्हीकडे डोकं याच एका गोष्टीवर चालतं.

आता जमीन हलते म्हणजे काय, ते सांगते. त्या राज्यात दरबारी नकाशेकार जे काढतील ते पुढच्या अमावास्येच्या रात्री खरं होतं. नदी काढली की नदी येते. डोंगर खोडला की डोंगर जातो. अट एकच: नवी जमीन कुठून पैदा होत नाही. इथे चार कोस वाढले की दुसरीकडे कुठेतरी चार कोस बुडतात, आणि ते कुठे, हे काढणाऱ्याच्या हातात नसतं. सावरी ही त्या राज्यातली मोजणीदार. कागदावर जे उरलंय ते जागेवर खरोखर उरलंय का, हे पायी फिरून बघणं तिचं काम.

नियम सुचायला एक दुपार पुरली. त्याची निस्तरानिस्तर अजून चालू आहे. जमीन अशी रातोरात जाणार असेल तर सावकार ती तारण म्हणून घेईल का? नाही घेणार. मग कर्ज कशावर मिळतं? भांड्यांवर, जनावरांवर, हातातल्या कसबावर. म्हणजे त्या राज्यात जमीनदार नसून कुंभार आणि सुतार श्रीमंत असणार. शेती कोण करणार? ज्याला दुसरं काही येत नाही तो. दावा कसा चालणार? बांध सरकल्याची तक्रार करणाऱ्याला न्यायाधीश विचारणार, "कुणी सरकवला, शेजाऱ्याने की सरकारने?" गावं कारकुनाला लाच देणार, का तर आपलं नाव जाड शाईने लिहिलं जावं. जाड शाईचा बुडण्याशी काडीचा संबंध नाही, पण लोकांचा विश्वास आहे. हा शेवटचा तपशील मला सगळ्यात प्रिय आहे. जादू खरी असलेल्या देशातही अंधश्रद्धा असणारच, हे लिहिता लिहिता कळलं, आणि त्या दिवशी ती माणसं मला पहिल्यांदा खरी वाटली.

ब्रँडन सँडरसन या लेखकाचा एक नियम फँटसीवाल्यांत प्रसिद्ध आहे: जादू वाचकाला जितकी समजलेली असेल तितकीच ती वापरून लेखकाने संकट सोडवावं. रास्त आहे. मी त्याला माझ्यापुरती एक पुस्ती जोडलीय. जादूने संकट सुटो न सुटो, भाव कशाचे चढतात आणि उतरतात हे आधी ठरवावं. गादीवर कोण बसलंय ते नंतर बघता येतं.

अमावास्येमुळे मात्र एक वेगळंच लचांड मागे लागलं. चंद्र. गोष्ट तिथीवर चालते म्हटल्यावर आकाशात कुठल्या रात्री काय दिसतं हे चुकवून चालत नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो. तो मध्यरात्री क्षितिजावर येऊच शकत नाही, नायिका कितीही उदास असली तरी. मध्यरात्री उगवतो तो वद्य अष्टमीचा, अर्धा. बीजेची कोर संध्याकाळी पश्चिमेला थोडा वेळ दिसते आणि जाते, तिच्या उजेडात कुणी पत्र वाचू शकत नाही. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो. यासाठी मी एक तक्ता केलाय: तिथी, चंद्र कधी उगवतो, सावरी कुठे आहे, त्या दिवशी किती चालली, पायाची जखम कितपत भरली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किन यांचीही याच चंद्राने भंबेरी उडवली होती, हे वाचून मला बरं वाटलं. १९४४ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केलंय की आपल्या कथेतला चंद्र एका मुलखात उगवत असताना त्याच वेळी दुसऱ्या मुलखात मावळत होता. तो दुरुस्त करायला त्यांना मागची प्रकरणं परत उघडावी लागली.

वाचकाला यातलं काही दिसणार नाही. तक्ता पुस्तकात छापायचा नाही. पण दोन माणसं रात्री एकमेकांना दुरून ओळखतात की जवळ येईपर्यंत ओळखत नाहीत, हे त्या तक्त्यावरून ठरतं, आणि दुसऱ्या भागातला एक खून केवळ त्या रात्री शुद्ध चतुर्थी होती म्हणून पचतो.

आता भाषेचं सांगते. या वर्षात सर्वांत जास्त मजा मला तिथे आली.

दुसऱ्या भागात एका अज्ञात नकाशेकाराची रोजनिशी आहे. ती पुरुषाची की बाईची, हे तिसऱ्या भागापर्यंत कळता कामा नये. मराठीत लिहिणाऱ्याने अशी अट स्वतःवर घालून घेणं म्हणजे आ बैल मुझे मार. आपलं क्रियापद पक्कं चहाडखोर आहे. गेलो म्हटलं की पुरुष, गेले म्हटलं की बाई, लगेच फुटलं. जातो-जाते, बसलो-बसले, घाबरलो-घाबरले, सगळीकडे तेच. पण सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं, आणि तिथे फट सापडली. मी शाई घोटली. मी दार लावलं. मी तीन गावं पुसली. यात 'मी' कोण ते कळत नाही. 'म्हणालो' आणि 'म्हणाले' दोन्ही टाळून 'मी म्हटलं' लिहिता येतं. भविष्यकाळ तर पूर्ण सुरक्षित: मी जाईन, मी सांगेन. जुन्या वळणाचा रीतिभूतकाळही कामाला आला: मी रोज खिडकीशी बसे, दिवा मालवी. उठलो-उठलेच्या जागी 'मला जाग आली'.

तांत्रिक कसरत म्हणून सुरू केलेल्या या प्रकाराने पुढे पात्रच घडवलं. जाणं, येणं, पळणं, हसणं, रडणं ही सगळी अकर्मक क्रियापदं. ती हातची गेली की माणूस स्वतःहून कुठे जात नाही, येत नाही. तो वस्तूंना काहीतरी करतो, नाहीतर त्याला काहीतरी होतं. आणि नकाशेकार तर मनोऱ्यात कोंडलेलेच असतात! दुसरी गंमत 'विसरणे'ची. हे क्रियापद सकर्मक असूनही कर्त्याशीच इमान राखतं, विसरलो किंवा विसरले. म्हणजे रोजनिशी लिहिणाऱ्या या जिवाला सरळ विसरायची सोय नाही. पुसलेल्या प्रत्येक गावाचं नाव त्याच्या डोक्यात राहतं. हे मी ठरवलेलं नव्हतं, व्याकरणाने दिलं. पहिल्या खर्ड्यात या पात्राचा स्वभाव सांगायला दोन पानं खर्ची पडली होती, ती आता नाहीत.

तू, तुम्ही आणि आपण यांचंही तसंच. सावरी प्रधानाला आरंभी 'आपण' म्हणते, मधे कुठेतरी 'तुम्ही' होतं, आणि नदीकाठच्या प्रसंगात एका वाक्यात ती "तू हे केलंस" म्हणते. प्रधान दचकतो. मला खाली काही लिहावं लागत नाही. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन फँटसी लेखिकेने १९७३ साली एका निबंधात फँटसीतल्या संवादांची हजेरी घेतली होती. एका उताऱ्यातली चारदोन नावं बदलून तिने दाखवून दिलं की हे सरदार आजच्या राजधानीतल्या पुढाऱ्यांसारखंच बोलतायत, मग अद्भुत देशात जायचंच कशाला? आपल्याकडे रोग उलट्या बाजूचा आहे. तलवार दिसली रे दिसली की आपली पात्रं रंगभूमीवर जाऊन उभी राहतात. "आज्ञा शिरसावंद्य महाराज!" कोळीणसुद्धा तेच बोलते, पहारेकरीही तेच. मी दरबाराला दरबारी भाषा ठेवलीय, पण मोजणीदार आपसात मोजणीची साखळी ओढताना जसे करवादतील तसेच करवादतात.

या साखळीपाशी वाचनाचा विषय येतो.

फँटसी लिहिणाऱ्याने फँटसी वाचावी, हे खरंच. मी वाचते, पण हल्ली विचित्र पद्धतीने. नवं पुस्तक हातात घेतलं की पहिल्या पाच पानांत किती बनवलेली नावं येतात त्याखाली पेन्सिलने रेघ मारते. तीन-चार असली तर डोकं धरतं. पहिल्याच परिच्छेदात देश, नदी, राणी, तिची तलवार, तलवारीचा जुना मालक आणि त्याचं घराणं आलं की मला आपोआप जांभई येते, आणि मग माझंच पहिलं पान काढून तपासावं लागतं. या सवयीने वाचनातला निरागस आनंद थोडा कमी झाला, हे आहे. पूर्वी मी गोष्टीत बुडून जायचे. आता अर्धं लक्ष लेखकाचे हात कुठे आहेत इकडे असतं. तरी एखादं पुस्तक असं निघतं की पेन्सिल बाजूला पडते आणि नंतर शोधावी लागते. अशी पुस्तकं मी वेगळी ठेवते आणि महिन्याभराने पुन्हा वाचते, चोरी कशी केली ते बघायला.

मात्र नुसती फँटसी वाचून लिहिलेली फँटसी शिळी लागते, असं माझं मत झालंय. तिच्यातले घोडे दुसऱ्या पुस्तकातून आलेले असतात, त्यांना भूक लागत नाही. मोजणीदार उभे करायला मला खऱ्या मोजणीकडेच जावं लागलं. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे जिच्यावरून पुढची सगळी अंतरं काढायची ती पहिली रेघ, मोजून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्याचा कोन मोजण्याचा थिओडोलाइट जवळजवळ अर्ध्या टनाचा होता. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर तो चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि वाकलं. राज्याची अचूकता एका दोरावर लोंबकळतेय, हे चित्र मला कुठल्याही जादूगाराच्या काठीपेक्षा जास्त अद्भुत वाटलं.

आणि नैनसिंह रावत. कुमाऊंचा हा शाळामास्तर १८६५-६६ साली वेष पालटून तिबेटात ल्हासापर्यंत चालत गेला, गुपचूप मोजणी करत. परक्याला तिथे मोजायची बंदी होती. त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावलं. प्रत्येक पाऊल सारख्या लांबीचं पडावं म्हणून आधी कसून सराव केलेला. बाहेरून बघणाऱ्याला भाविक यात्रेकरू, आणि हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. पाऱ्याचा वापर करून कृत्रिम क्षितिज धरायचं, ताऱ्यांची उंची घ्यायची, आणि सकाळी परत जप करत चालू पडायचं.

हे वाचल्यावर सावरीच्या हातात काय द्यायचं हा प्रश्नच उरला नाही. अर्थात माळ जशीच्या तशी उचलली नाही. पण ती चालताना मोजते, आणि मोजत असल्यामुळे तिला कुणाशी बोलता येत नाही. बोललं की आकडा चुकतो. पहिल्या भागात तिचा भाऊ तिच्याबरोबर चार मुक्काम चालतो, त्याला काहीतरी महत्त्वाचं सांगायचं असतं, आणि ती दर वेळी बोट वर करून "थांब" म्हणते. तो भाऊ दुसऱ्या भागात नाही. वाचनाचा फायदा असा आडवळणाने येतो. माहिती हवी म्हणून गेले होते, परत येताना भावाचा प्रसंग घेऊन आले.

आता मार्केटिंग. लिहिणाऱ्यांत हा शब्द काढला की चेहरे पडतात. आपण लिहावं, गुणग्राहक वाचक आपोआप येतील, अशी आपली एक गोड समजूत असते. या समजुतीवर सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चांगली गोष्ट सापडते ती कथासरित्सागरात. गुणाढ्याने विंध्याच्या रानात बसून सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचली. 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत, आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्यांकरवी ती प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाकडे पाठवली. राजाने भाषा पाहिली, रक्त पाहिलं आणि हस्तलिखित साभार परत केलं. मग गुणाढ्याने अग्निकुंड पेटवलं. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. रानातली जनावरं चरायचं विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस शुष्क येतंय. आचाऱ्यांना धरलं, त्यांनी पारध्यांकडे बोट दाखवलं, पारधी म्हणाले, काय करणार, सगळी जनावरं एका ब्राह्मणापाशी कथा ऐकत बसलीत, खातच नाहीत! राजा धावत गेला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलं एक लक्ष.

ही गोष्ट उपेक्षित प्रतिभेची शोकांतिका म्हणून सांगतात. मी ती प्रकाशनव्यवहाराच्या बाजूने वाचते, आणि तशी वाचली की फार शहाणी वाटते. राजाने कथा नाकारलीच नाही, कारण त्याने ती वाचलीच नव्हती. त्याने मुखपृष्ठ नाकारलं. पुढे तो जो पळत आला तोही साहित्यप्रेमाने नव्हे. ताटातल्या मांसाची चौकशी करता करता कथेची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली, आचारी आणि पारध्यांच्या तोंडून. कर्णोपकर्णी म्हणतात ती अशीच चालते, लेखकाने आखलेल्या वाटेने कधी नाही. पण मला खरी मोलाची वाटते ती जाता जाता आलेली एक ओळ. आगीतून वाचलेला लाखभर भाग, नरवाहनदत्ताची कथा, राजामुळे बचावला नाही. तो शिष्यांना फार आवडायचा, म्हणून गुणाढ्याने तेवढा आधीच बाजूला काढून ठेवला होता. पहिल्या वाचकांना जे आवडलं ते टिकलं. संपादनाचं याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा माझं सध्याचं मार्केटिंग म्हणजे शिष्य गोळा करणं. मोजकेच लोक, ज्यांना मी प्रकरणं पाठवते आणि 'आवडलं का' हे न विचारता 'कुठे थांबलात' हे विचारते. आवडलं का, याला माणसं शिष्टाचाराने उत्तर देतात. कुठे थांबलात, हे खरं सांगतात. बाकी समाजमाध्यमांवर रोज काहीतरी टाकण्याचा उद्योग मी आटोपता घेतलाय. सँडरसन यांनी मार्च २०२२ मध्ये चार कादंबऱ्यांसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वाचकांनाच थेट साद घातली आणि महिन्याभरात १,८५,००० हून जास्त लोकांनी मिळून ४ कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली, तेव्हा लिहिणाऱ्यांच्या जगात एकच खळबळ उडाली. "बघा, प्रकाशकाची गरजच नाही!" पण त्यांची पहिली कादंबरी २००५ ची. मधली सतरा वर्षं नेमाने पुस्तकं येत होती, ती जमेला धरायची कुणाला आठवण नव्हती. मोहीम महिन्याची, वाचक सतरा वर्षांचे.

मलपृष्ठाचा मजकूर मी आताच का लिहितेय, तेही यातच आलं. दीडशे शब्दांत अनोळखी माणसाला गोष्टीच्या दाराशी आणायचं. पहिला मसुदा "एका प्राचीन राज्यात" असा सुरू झाला आणि नावांच्या ओझ्याखाली दुसऱ्या ओळीत झोपला. आताचा असा सुरू होतो: "सावरीचं गाव काल होतं." बास. नकाशा, अमावास्या, राजा, सगळं त्यानंतर. हे वाक्य सापडल्यावर मी परत जाऊन कादंबरीचं पहिलं प्रकरण बदललं, कारण मलपृष्ठ जास्त चांगलं सुरू होत होतं. मार्केटिंगने लेखन बिघडतं म्हणणाऱ्यांना मी हल्ली हे उदाहरण देते. बिघडतंही, नाही असं नाही. अॅमेझॉनच्या किंडल ई-पुस्तकांच्या वर्गणी योजनेत २०१५ पासून लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात, आणि मग पानं वाढवण्याचा मोह कुणाला होत नाही? पण तो मोह आणि 'पहिल्या ओळीत काय सांगू' ही धडपड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मालिका की एकच पुस्तक, हाही प्रश्न विक्रीवाले लगेच विचारतात. एकच. पुढचा भाग येईल या भरवशावर वाचकाला टांगून ठेवायची माझी छाती नाही.

राहिला तिसरा भाग. तो सुटला असं म्हणायला हरकत नाही, आणि सोडवला माझ्या एका वाचकाने, दोन ओळींच्या निरोपात. तिने विचारलं: "सावरीने काहीच न बदलता, जसं आहे तसंच काढलं तर? मग काय बुडेल?"

मी बराच वेळ उत्तरच दिलं नाही. नियम माझा, पण ही बाजू माझ्या ध्यानीमनी नव्हती. काहीच वाढवलं नाही तर काहीच बुडणार नाही. उलट जमीन आहे तिथे पक्की होईल. म्हणजे दरबाराला भीती बंडखोर नकाशेकाराच्या खोट्या नकाशाची नाहीच. भीती आहे खऱ्या नकाशाची. मोजणीदारांना मुलूख वाटून का दिलेत, एकाला दुसऱ्याच्या हद्दीत जायची मनाई का, मोजणीच्या वह्या दर वर्षी जाळतात का, या सगळ्याला एकदम कारण मिळालं. यातल्या दोन गोष्टी मी पहिल्या भागात नुसत्या रंग भरायला लिहिल्या होत्या.

फक्त एक पेच आहे. खरा नकाशा पुरा व्हायच्या आत अमावास्या आली तर मोजलेलंही हलतं, मग सगळं मुसळ केरात. म्हणजे सावरीकडे एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतचा वेळ, साडेएकोणतीस दिवस. डोंगराळ मुलखात, ओझं घेऊन, मोजत चालणारी बाई दिवसाला वीस किलोमीटर फार तर कापेल. पाय दुखावलेला. बरोबर चार माणसं धरली, चौघांनी चार दिशा घेतल्या, तरी मी काढून ठेवलेल्या राज्याचा तिसरा हिस्साही मोजून होत नाही. माणसं वाढवावीत तर गुपित फुटतं. घोडे द्यावेत तर पावलं मोजता येत नाहीत.

राज्यच लहान करावं लागणार असं दिसतंय. उत्तरेकडचे दोन प्रांत काढून टाकले तर बसतं, मी गणित करून पाहिलंय. पण त्यातल्या एका प्रांतात प्रधानाचं माहेर-सासर सगळं आहे, आणि तो नदीकाठचा प्रसंग तिथेच घडतो. नदी दक्षिणेला न्यावी की प्रधान, यावर सध्या विचार चालू आहे.